हासिनीचा नवरा अजून आमदार नाही?

अहो, ऐकलंत का? या, जरा भिंतीजवळ या, मोठ्यानं बोलायची सोय नाही. पलीकडच्या मामींची खिडकी सताड उघडी असते. मराठी कळत नाही म्हणतात, पण नावं बरोबर कळतात त्यांना. तर झालं काय… मामींना परवा कळलं की हासिनीचा नवरा म्हणजे मुख्यमंत्र्यांचा मुलगा. एकदा नाही, दोनदा मुख्यमंत्री झालेल्या माणसाचा! आणि पोरगा अजून साधा आमदारसुद्धा नाही! चेहरा असा पडला म्हणता मामींचा, जसं काही मीच त्याचं तिकीट कापलं.

हासिनी कोण म्हणून काय विचारता, आपली जेनेलिया. पण इथे तंजावरात तिला जेनेलिया म्हणतंय कोण! २००८ साली ‘संतोष सुब्रमणियम’ आला ना, त्यातली ती अखंड बडबड करणारी पोरगी हासिनी. तेलुगूत ‘बोम्मरिल्लू’ केला होता तिनं, तिथेही हेच नाव. तेव्हापासून इकडे ती घराघरातली हासिनी झाली ती झालीच. आणि आपला रितेश? लातूरचा, बाभळगावच्या गढीतला, विलासरावांचा मधला मुलगा? तो इथे फक्त ‘हासिनीचा नवरा’. माझं माहेर लातूरचं हो, काळजाला लागतं. तिकडे ती आमची वहिनी आणि इकडे हा तिचा घरवाला. असो. मामींनी दुसऱ्याच श्वासाला विचारलं, मतदारसंघ कोणता? मी म्हटलं, मतदारसंघ नाही मामी, तो बिग बॉस करतो.

“अय्यय्यो,” म्हणाल्या.

पण मामींचंही काय चुकलं सांगा. जन्मभर त्यांनी पाहिलंय काय? करुणानिधी घ्या. तिरुक्कुवळैचे, म्हणजे तेव्हाच्या आपल्या या तंजावर जिल्ह्यातलेच. आधी सिनेमाचे संवाद लिहायचे, १९५२च्या ‘पराशक्ती’नं गावोगावी नाव झालं, १९६२ला इथूनच, तंजावरातून, आमदार झाले आणि १९६९ला मुख्यमंत्री. मग एमजीआर, मग जयललिता, ते काय मी सांगायला हवं? आणि स्टॅलिन! अहो, स्टॅलिन टीव्हीवर हिरो होते. खरंच! चेन्नई दूरदर्शनवर ‘कुरिंजी मलर’ म्हणून मालिका लागायची, त्यात ते अरविंदन. मामी अजून सांगतात, त्या दिवसांत पोरांची नावं अरविंदन ठेवायची लाट आली होती म्हणे. त्यांचे चिरंजीव उदयनिधी, त्यांनी आधी दुसऱ्यांचे सिनेमे काढले, २०१२ला स्वतः हिरो होऊन नाचले, २०२१ला आमदार, २०२३ला ‘मामन्नन’ करून तोंडाचा रंग पुसला आणि २०२४च्या सप्टेंबरात उपमुख्यमंत्री. म्हणजे इथे कॅमेरा हा जिना आहे हो, वरच्या पायरीवर खुर्ची मांडलेलीच असते. मामींच्या घरात द्रमुकचा उगवता सूर्य तीन पिढ्यांचा, त्यांना यात वावगं काय दिसणार?

आणि टीव्हीचं म्हणाल तर टीव्ही इथे मतदारांच्या घरात आणून दिलाय. २००६च्या निवडणुकीत करुणानिधींनी कबूल केलं, गरिबाघरी फुकट कलर टीव्ही. आणि दिले की! आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या सासूकडे त्यातला एक होता, वरून क्रोशाचं झाकण घातलेला. आता त्या टीव्हीवर लोक लावणार काय? सन टीव्ही. सन टीव्ही कोणाचा? कलानिधी मारनचा, १९९३पासून. कलानिधी कोण? करुणानिधींच्या भाच्याचा मुलगा. म्हणजे संच आजोबांचा आणि चॅनल नातवाचा… मी काही म्हणत नाही बाई, लोक म्हणायचे. पुढच्याच वर्षी घरात वाजलं ते निराळं. २००७च्या सप्टेंबरात आजोबांनी आपलं वेगळं कलैग्नर टीव्ही काढलं. घरातलं भांडण रिमोटवर दिसायला लागलं. पण ती गोष्ट आज नको, मामी ऐकतील.

तर काय सांगत होते… हां, विजय. विजयचं नाव मामींसमोर काढायचं नाही हं, सांगून ठेवते. त्यांची नात या सिनेमावाल्या विजयची वेडी. २०२४च्या फेब्रुवारीत त्यानं स्वतःचा पक्ष काढला तेव्हापासून त्या घरात दोन पक्ष झालेत आणि स्वयंपाकघर एकच. आणि गंमत बघा, विजयची हिरॉईन कोण होती? ‘सचिन’मध्ये, २००५ला? हासिनीच! पुन्हा २०११ला ‘वेलायुदम’मध्येही. २०२५च्या एप्रिलात तो ‘सचिन’ परत थिएटरात लावला, तर ही नात मैत्रिणींना घेऊन गेली आणि घसा बसवून घरी आली. तिचं म्हणणं ऐका आता. हासिनीबरोबर नुसता नाचला तो पक्ष काढतो, आणि हासिनीशी लग्न केलं त्याच्या घरात आयता पक्ष पडलेला असून तो फॉर्मसुद्धा भरत नाही?

मला पटकन उत्तरच सुचेना. नात शहाणी आहे हो, फक्त आजीला कळू देऊ नका मी असं म्हटलं ते.

मग मी त्यांना पहिल्यापासून सांगायला बसले. अहो, रितेश वास्तुकला शिकला, मुंबईत कमला रहेजा कॉलेजात. आणि पहिला सिनेमा ‘तुझे मेरी कसम’, हैदराबादला रामोजी रावांनी काढलेला. जेनेलियाचाही हिंदीतला पहिलाच. तिथल्या विमानतळावर ही दोघं पहिल्यांदा भेटली, ते किती वेळा सांगितलंय त्यांनी मुलाखतींतून. हिला आधीच कानावर घातलेलं, हिरो म्हणजे मुख्यमंत्र्याचा मुलगा. हिनं मनात ठरवलं, माजोरडा असणार, आपणही भाव द्यायचा नाही. त्यानं हात पुढे केला तर हिनं हात मिळवला आणि तोंड फिरवून दुसरीकडेच बघत उभी राहिली! बिचाऱ्याचा चेहरा काय झाला असेल… आणि मग हिला दिसलं की ना गाड्यांचा ताफा, ना बंदूकवाला. साधा पोरगा, बॅग घेऊन. तिथून नऊ-दहा वर्षं चाललं प्रकरण, ३ फेब्रुवारी २०१२ला लग्न. आधी आपल्या पद्धतीनं, मग चर्चमध्ये. मामींना हे फार आवडलं. “दोन्ही केलं? चांगलं केलं,” म्हणाल्या.

पण खरी गंमत पुढेच आहे. तो पहिला सिनेमा कधी आला? ३ जानेवारी २००३. आणि विलासरावांची पहिली खुर्ची कधी गेली? त्याच जानेवारीत, पंधरा दिवसांच्या आत! सुशीलकुमार शिंदे आले. आता या दोहोंचा काडीचा संबंध नाही, दिल्लीनं बदललं, पण आमच्या लातुरात तेव्हा हेच बोलणं. पोराचा पोस्टर लागला आणि बापाचा उतरला. माझी एक मावशी, गेली बिचारी, तिला तर खात्रीच होती की पांढऱ्या पायाचा सिनेमा आहे. २००४च्या नोव्हेंबरात विलासराव परत मुख्यमंत्री झाले तेव्हा कुठे तिनं रितेशचे सिनेमे बघायला सुरुवात केली. आणि बघितला कोणता, तर ‘मस्ती’! मध्येच उठून देवघरात जाऊन बसली.

तिचं पुढे म्हणणं असं की देशमुखांच्या पोरानं असली थेरं करावीत का? राजघराण्यातल्यासारखी माणसं ती… तेव्हा काही बोलता आलं नाही, पण आता तंजावरात राहून मला उत्तर सापडलंय. राजघराण्यातल्या पोरांनी नाटकं करू नयेत म्हणणाऱ्यांनी या गावात पाऊल टाकू नये. व्यंकोजीराजांचे थोरले शहाजीराजे, १६८४ ते १७१२ गादीवर होते, आणि गादीवर बसून काय करायचे? नाटकं लिहायचे. तेलुगूत लिहिली, मराठीत लिहिली. आपल्या मराठी नाटकाच्या आधीचं मराठी नाटक इथल्या राजवाड्यात, सरस्वती महालात आहे. मग लातूरच्या पोरानं ‘मालामाल वीकली’ केला तर काय बिघडलं? उलट बापाच्या नावावर मोठाले हिरोगिरीचे सिनेमे पाडून घेतले नाहीत, चार जणांत उभा राहून हसवलं, मग ‘एक व्हिलन’मध्ये खलनायक होऊन घाबरवलं. हे मी मनापासून म्हणते, माहेरचा म्हणून नाही. बरं, थोडं माहेरचा म्हणूनही.

तर काय सांगत होते… खुर्ची. दुसरी खुर्ची.

ती गोष्ट सांगताना मला अजून आवाज खाली करावासा वाटतो. २००८चा नोव्हेंबर. मुंबईवर अतिरेकी हल्ला झाला, ताज जळत होतं तीन दिवस, सगळा देश टीव्हीसमोर. आणि संपल्यावर मुख्यमंत्री पाहणीला गेले, तर बरोबर कोण? रितेश, आणि रामगोपाल वर्मा! सिनेमावाला! बातम्यांत ती चित्रं फिरायला लागली आणि आमच्या घरात, अहो, कोणी कोणाकडे बघेना. वडील लातूरचे, पक्के काँग्रेसवाले, ते उठून गच्चीवर गेले. विलासरावांनी सांगितलं, सिनेमाबिनेमाचा काही विषय नव्हता. पण ऐकतंय कोण? आठवड्याभरात मुख्यमंत्रिपद गेलं, ८ डिसेंबरला अशोकराव चव्हाणांचा शपथविधी. राज्याचे गृहमंत्री आर. आर. आबा आधीच पायउतार झाले होते, हल्ल्याविषयीच्या एका वाक्यापायी. आणि दिल्लीत गृहमंत्री कोण होते? शिवराज पाटील चाकूरकर. तेही लातूरचेच! तेही गेले, त्याच आठवड्यात! एका जिल्ह्याच्या दोन मोठ्या खुर्च्या आठ-दहा दिवसांत रिकाम्या. लातुरात त्या आठवड्यात लग्नघरांतसुद्धा लोक हळू बोलत होते.

मामी इथे गप्प झाल्या होत्या. मग म्हणाल्या, “पण मुलगा कशाला गेला बरोबर?”

तोच तर प्रश्न, मी म्हटलं. आणि वर्मांनी २०१३ला त्यावर खरोखरच सिनेमा काढला, म्हणजे लोकांच्या तोंडाला आणखी चारा. २०१९च्या निवडणुकीत पीयूष गोयल बोलले, की बाप पोराला काम मिळवून देण्याच्या मागे होता. तेव्हा विलासराव जाऊन सात वर्षं झाली होती. रितेशनं जाहीर उत्तर लिहिलं, आणि लिहिलं कसं तर आवाज न चढवता. आपण वडलांबरोबर गेलो होतो हे खरं, पण गोळीबार चालू असताना नाही. त्यांनी आपल्यासाठी कधी कुठल्या निर्मात्याला शब्द टाकला नाही, त्याचा आपल्याला अभिमान आहे. आणि प्रश्न विचारायचा तर विचारा, पण ज्याच्याविषयी बोलता तो उत्तर द्यायला आज इथे नाही. मला ते फार लागलं. जाणं चुकलंच, मी आजही म्हणते चुकलंच, पण पोरानं ‘मी गेलोच नव्हतो’ असं म्हटलं नाही बघा.

आणि विलासराव गेले कुठे माहीत आहे ना? इथेच, चेन्नईला. १४ ऑगस्ट २०१२. लग्नाला सहा महिने होतात न होतात तोवर. लिव्हर आणि किडनी, दोन्हींनी दगा दिला. मामींना आठवलं, चेन्नईच्या हॉस्पिटलाबाहेरच्या गाड्या त्यांनी बातम्यांत पाहिल्या होत्या, पण ते हासिनीचे सासरे हे त्यांना आत्ता कळत होतं. “अडपावमे,” म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मीही लावला. मग दोघींनी थोडा वेळ कडीपत्ता निवडला.

अहो, पण मधेच विसरले! ती मनिलाची गोष्ट सांगायची राहिली. कोपऱ्यावरच्या घरातली मुलगी दावावला डॉक्टरकी शिकते, ठाऊक आहे ना? इकडची किती पोरं जातात फिलिपिन्सला त्यासाठी. ती सुट्टीत आली होती, तिला मी रितेशचं सांगत होते तर ती म्हणाली, आंटी, आमच्याकडे पण अशीच एक आहे, क्रिस अकिनो. मी म्हटलं सांग सगळं, आणि बैस आधी.

ऐका. तिचे वडील निनॉय अकिनो, मार्कोसच्या विरोधातले मोठे पुढारी. १९८३ला परदेशातून परत आले तर मनिलाच्या विमानतळावरच गोळी घातली. ही तेव्हा बारा वर्षांची. १९८६ला आई कोरी अकिनो राष्ट्राध्यक्ष. आणि आई राष्ट्राध्यक्ष असताना, १९९०ला, या मुलीनं पहिला सिनेमा केला कोणाबरोबर? पुढचे दात नसलेल्या विनोदी नटाबरोबर! रेने रेक्वेस्टास त्याचं नाव. राजवाड्यातली लेक आणि बोळक्या तोंडाचा हिरो… आणि सिनेमा तुफान चालला! आमच्या मावशीला हे ऐकवायला हवं होतं. पुढे टीव्हीवर काय काय केलं तिनं… प्रश्नमंजूषा, ‘डील ऑर नो डील’, स्वतःच्या नावाचा सकाळचा कार्यक्रम, आणि ‘द बझ’ म्हणून एक, ज्यात नुसत्या नटनट्यांच्या भानगडी. म्हणजे आपण इथे भिंतीपाशी करतो तेच, पण पगार घेऊन! आणि दुसऱ्यांच्याच नाही, स्वतःच्या घरातलंही टीव्हीवर येऊन सांगायची. लपवालपवी नाही. २००९ला आई गेली, सारा देश रडला, आणि पुढच्याच वर्षी भाऊ नॉयनॉय राष्ट्राध्यक्ष झाला. बहीण प्रचारात सगळीकडे. पण स्वतः? स्वतः कधी उभी राहिली नाही. दर निवडणुकीला लोक म्हणायचे आता राहते, आता राहते… अलीकडे आजारानं गांजलीय बिचारी, टीव्हीवरून जवळजवळ दिसेनाशीच झाली. तर ही दावावची मुलगी म्हणाली, तिकडे दावावात मात्र तिचं नाव फारसं घेऊ नये, ते दुतेर्तेंचं गाव. मी म्हटलं, बाई, तिथेही मामी आहेत म्हणायच्या!

क्रिसचा भाऊ राष्ट्राध्यक्ष झाला, रितेशचे भाऊ आमदार झाले. दोघंही भावासाठी मतं मागणार, स्वतःसाठी टाळ्या. मला तर ही वाटणी पटते हो. एका घरात सगळ्यांनीच हात जोडून कशाला फिरायचं? पण मामींना नाही पटत.

आणि मामींना बिग बॉस सांगायला गेले ती माझीच हौस. त्यांच्याकडे बिग बॉस कोण करायचं? कमल हासन. २०१७ला सुरू केलं आणि २०१८च्या फेब्रुवारीत मदुराईला जाऊन पक्षच काढला, शनिवार-रविवारी बिग बॉस आणि मधल्या वारी राजकारण. २०२१ला कोइम्बतूर दक्षिणेत थोडक्यात पडले, दीड-पावणेदोन हजारांनी, आणि २०२५ला राज्यसभेत पोचले. त्यामुळे २०२४च्या जुलैत रितेश मराठी बिग बॉसचा होस्ट झाला हे ऐकल्या ऐकल्या मामींनी कॅलेंडरकडे पाहिलं! “मग पक्ष कधी?” अहो, काय सांगू या बाईला.

तसा टीव्ही त्याला नवा नव्हता, २०१६ला स्टार प्रवाहवर ‘विकता का उत्तर’ केलं होतं, ते फार कुणाच्या लक्षात नाही. पण बिग बॉसला आधीचे चारही सीझन महेश मांजरेकरांचे. त्यांचा धाक कसला… म्हणून सगळे म्हणत होते, हा गोड गोड बोलणारा पोरगा तिथे काय करणार? ‘भाऊचा धक्का’ नाव ठेवलं शनिवार-रविवारच्या भागाला. आणि घरात कोण बसलेलं? वर्षा उसगावकर! म्हणजे तीही कोणाची लेक? गोव्याचे मंत्री राहिलेल्या उसगावकरांची. ‘महाभारत’मधली उत्तरा. मंत्र्याची लेक घरात बंद आणि मुख्यमंत्र्याचा लेक तिला बाहेरून प्रश्न विचारतोय. ती निक्की तांबोळी वर्षाताईंना काय वाटेल ते बोलायची, मला इथे ताटावर बसून घास उतरेना. पहिल्याच धक्क्याला रितेशनं तिला जे सुनावलं… आवाज तोच हं, चढलेला नाही, पण निक्कीचा चेहरा पाहिलात ना? आणि माफी मागायला लावली. मी फोनवर बघत होते, इकडे मामी विचारतात काय झालं, काय झालं. मी म्हटलं, मुख्यमंत्रिपद चालवतोय.

सत्तर दिवसांतच आटोपतं घेतलं मात्र, आणि शेवटी शेवटी हे महाशय ‘हाऊसफुल’च्या शूटिंगला परदेशात. ते काही मला आवडलं नाही. घरच्या कार्याला यजमान गायब, असं कुठे असतं का? सूरज चव्हाण जिंकला ते बरं झालं. गरिबाघरचं लेकरू, रील करून वर आलेलं, ना बाप मंत्री ना आई. देशमुखाच्या हातून ट्रॉफी त्याच्या हातात गेली तेव्हा माहेरच्या माझ्या वहिनींनी लातुरात पेढे वाटले. कशाचे पेढे, विचारलं तर म्हणे माहीत नाही, पण वाटले.

आणि लगेच दीड महिन्यात विधानसभा! आता हे मात्र मामींनी कान टवकारून ऐकलं. रितेशचे थोरले भाऊ अमितभैया लातूर शहरात, धाकटा धीरज ग्रामीणला. २०१९ला धीरज असा निवडून आला होता की दुसऱ्या नंबरवर माणूसच नव्हता, नोटा होता नोटा! तर २०२४ला रितेश प्रचाराला उतरला. काय भाषण हो ते! धर्म धोक्यात आहे म्हणतात त्यांचा पक्षच धोक्यात आहे, असं बोलला आणि मोबाइल मोबाइल फिरलं. मलाच सहा जणांनी पाठवलं. मी मामींना लावून दाखवलं. मराठी कळत नाही म्हणे, पण ऐकून म्हणाल्या, “यानं उभं राहायला हवं होतं.” आणि निकाल? अमितभैया कसेबसे निघाले, सात हजारांच्या आसपास. समोर कोण होतं? चाकूरकरांची सून, भाजपकडून! त्याच शिवराज पाटलांची, ज्यांची खुर्ची विलासरावांच्याच आठवड्यात गेली होती. आणि धीरज तर पडलाच. नोटाला हरवून आलेला पोरगा रमेश कराडांकडून सहा-साडेसहा हजारांनी पडला. माहेरी फोन केला तर कोणी उचलेना. उचलला तेव्हा वहिनी म्हणाल्या, टीव्ही बंद केलाय.

म्हणजे टाळ्या एक, मतं दुसरी. हे तंजावरला नवीन आहे का? शिवाजी गणेशन, अख्ख्या तमिळनाडूचा देव, १९८९ला स्वतःचा पक्ष काढून इथे शेजारी तिरुवैयारूला उभे राहिले आणि पडले. कावेरीकाठचे लोक त्यांच्या सिनेमांना अजून रडतात, पण तेव्हा मतं नाही दिली. मामींच्या यजमानांनीही दिलं नव्हतं. ते मला मामींनी गुपचूप सांगितलंय, तेव्हा तुम्ही ऐकलंच नाही असं समजा.

पण लातूरची गोष्ट तिथे नाही थांबली. २०२६च्या जानेवारीत महापालिकेची निवडणूक. भाजपचे रवींद्र चव्हाण लातुरात येऊन काय बोलून गेले? की विलासरावांच्या आठवणी या शहरातून पुसल्या जाणार. अरे देवा! लातुरात येऊन! रितेशनं एक छोटासा व्हिडिओ टाकला. ना शिवी, ना टोमणा. लिहिलेलं पुसता येतं, पण लोकांसाठी जगलेल्या माणसांची नावं मनावर कोरलेली असतात आणि कोरलेलं पुसत नाही, एवढंच. चव्हाणांना दिलगिरी व्यक्त करावी लागली, आणि महापालिका आली काँग्रेसकडे. त्या दिवशी फोन पहिल्या रिंगला उचलला गेला हो!

मी मामींना त्या व्हिडिओचा अर्थ सांगितला तर त्यांनी बोट कुठे दाखवलं असेल? मोठ्या देवळाकडे. म्हणाल्या, तुमच्या लोकांनी तिथेही कोरून ठेवलंय की. अहो, बरोबरच बोलल्या. सरफोजीराजांनी १८०३ला भोसल्यांचा सगळा वंश बृहदीश्वराच्या भिंतींवर मराठीत कोरून घेतलाय. इंग्रजांनी राज्य घेतलं, अक्षरं तशीच. आपण जातो आणि फोटो काढून येतो, वाचतंय कोण… मामींनी लहानपणी त्या भिंतीला टेकून चिंचा खाल्ल्यात.

आणि आता शेवटचं, मग मी जाते, भात लावायचाय. रितेशनं ‘राजा शिवाजी’ काढायला घेतला ना, दिग्दर्शनही तोच आणि महाराजही तोच. ‘वेड’ दिग्दर्शित केल्यापासून धीर आलाय त्याला, आणि आला तर आला, पैसेही कमावले त्या सिनेमानं, जेनेलियाही मराठीत त्यातच आली. तर तो पोस्टर मी मामींना दाखवला. मामी बघतच राहिल्या. म्हणाल्या, आमच्या गणेशनचंही शिवाजी हे नाव असंच पडलं. अण्णादुरैंच्या नाटकात शिवाजी महाराज केले आणि पेरियारांनी तेच नाव दिलं. मला अंगावर काटा आला. आणि लगेच म्हणाल्या, पण शिवाजी होऊन निवडणुकीला उभा राहिला तो तिरुवैयारूत पडला, तेव्हा तुमच्या पोराला सांगा, सिनेमा कर, फॉर्म भरू नको.

म्हटलं, अखेर पटलं वाटतं मामींना! सुटले!

कसलं काय. संध्याकाळी पुन्हा भिंतीशी हजर. हासिनीची मुलं केवढाली? मी म्हटलं दोन मुलगे, थोरला २०१४चा. मामींनी बोटांवर मोजलं. आमदारकीला वय किती लागतं? पंचवीस. परत मोजलं. चेहरा खुलला. “२०३९,” म्हणाल्या, “तुमच्याकडे निवडणूक आहे त्या वर्षी. मी बघून ठेवलंय.”